सायकलची चेन: तेल आत हवं, बाहेर नको

घाटवाट

मागच्या रविवारी दिवे घाट चढताना आमच्यातल्या एका मित्राची चेन तुटली. कारण साधं निघालं. पूर्वी कधीतरी चेन जोडताना काढलेली जुनीच पिन परत दाबून बसवली होती, जोर आला तशी ती निसटली. खराब कडी काढली, क्विक लिंक (हाताने उघडता-लावता येणारी जोडकडी) लावली आणि पुढे सासवडला जाऊन नाश्ता केला. ती काढलेली कडी मात्र मी खिशात टाकून घरी आणली आणि रात्री टेबलावर खोलून बसलो. त्यात जे दिसलं त्यासाठी हा धागा काढतोय.

बाहेरून कडी काळीकुट्ट, चिकट. बोट लावलं की डाग. तेल कमी पडलं असं कुणी म्हणणार नाही. मित्र दर रविवारी निघण्याआधी न चुकता तेल घालतो, मी स्वतः पाहिलंय. पण आतली पिन कोरडी होती. ती पुसून चिमटीत धरली आणि तिच्यावरून नख फिरवलं, तर एका अंगाला नखाला पायरी लागली. तिथलं पोलाद झिजून गेलंय. पिन आणि आतली पट्टी एकमेकींवर घासतात त्या जागी वंगण नव्हतं, आणि जिथे त्याचा काडीचा उपयोग नाही तिथे त्याचा थर साचला होता.

'चेन ताणली' असं आपण सगळेच म्हणतो. प्रत्यक्षात पट्ट्या ताणल्या जात नाहीत. एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी अंतर असतं. प्रत्येक पिन थोडी थोडी झिजते, तेवढी प्रत्येक सांध्यात ढिलाई येते, आणि ११४-११६ कड्यांची ढिलाई एकत्र झाली की चेन लांबते. लांबलेली चेन दातांच्या बुडाशी नीट बसत नाही, वर सरकून दातांच्या माथ्याकडे ओढते. मग कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाचे, दात झिजून माशाच्या गळासारखे वाकडे दिसायला लागतात. गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासायला जी पेस्ट वापरतात ती म्हणजे तेल आणि बारीक खर, म्हणजे कठीण कण. आपण चेनवर रोज तीच पेस्ट तयार करत असतो. पुण्याच्या आसपास अर्धे रस्ते कायम खोदलेले, त्यामुळे खर भरपूर मिळते.

माझी पहिली कॅसेट मी अशीच घालवली. वर्षभर तेलावर तेल घालत राहिलो, पुसलं कधीच नाही. वाईट याचं वाटतं की मी काळजी घेतोय अशी माझी खात्री होती.

आता मी काय करतो ते सांगतो. शनिवारी संध्याकाळी गॅलरीत वर्तमानपत्र अंथरतो. जुना सुती पंचा फाडून ठेवलाय, त्याचे दोन तुकडे, एक जुना टूथब्रश आणि वाटीभर टर्पेंटाइन. हे रंगाच्या दुकानात मिळतं. पूर्वी रॉकेल असायचं, आता ते कुठे मिळतंय. डिझेल चालतं, पण वास दोन दिवस जात नाही आणि मागे तेलकटपणा राहतो. पेट्रोल घरात आणू नका. गॅस गिझर असलेल्या बाथरूममध्ये तर अजिबातच नाही.

आधी कोरड्या फडक्यात चेन मुठीने धरून पेडल उलटं फिरवायचं, बाहेरचं काळं जितकं निघेल तितकं काढायचं. मग ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून खालच्या बाजूची चेन वरून, खालून, दोन्ही अंगांनी घासायची. ब्रश ठिबकत असेल तर झटकून घ्या. पातळ द्रावण मागच्या फ्रीहबात (कॅसेट ज्यावर बसते तो फिरता भाग) गेलं तर तिथलं ग्रीस धुऊन नेतं आणि नवंच दुखणं उभं राहतं. डिरेलरची (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) दोन छोटी चाकं, म्हणजे जॉकी व्हील, त्यांच्या कडांना काळी कडक वळकटी जमते. आइस्क्रीमच्या काडीने ती खरवडली की सालीसारखी सोलून निघते. कॅसेटच्या चकत्यांमध्ये सुती पट्टी घालून दोन्ही हातांनी पुढेमागे ओढायची, ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी. ही पट्टी तिथे ब्रशपेक्षा चांगलं काम करते.

मग सुकू द्यायचं. पूर्ण सुकू द्यायचं. आत टर्पेंटाइन राहिलं तर वर घातलेलं तेल पातळ होऊन वाहून जातं.

आणि मग तेल. प्रत्येक रोलरवर, म्हणजे पट्ट्यांमधल्या फिरत्या नळीवर, एक थेंब. खालून मागे जाणाऱ्या चेनच्या आतल्या, वरच्या अंगाला. क्विक लिंकपासून सुरुवात करायची म्हणजे फेरी कुठे पूर्ण झाली ते कळतं. ११६ कड्या तर ११६ थेंब, सावकाश. नंतर पाचेक मिनिटं पेडल उलटं फिरवायचं म्हणजे तेल रोलरच्या कडेने आत उतरतं. शक्य असेल तर रात्रभर तसंच ठेवा. सकाळी निघण्याआधी स्वच्छ फडक्याने बाहेरून पुसून काढा, अगदी कोरडी वाटेपर्यंत. हे शेवटचं पुसणंच लोक टाळतात. तेल पुसून टाकलं तर घालून उपयोग काय, असं वाटतं. पण आत गेलेलं तेल फडक्याला लागत नाही. फडक्याला लागतं ते फक्त धूळ गोळा करणारं.

पहाटफेरी

खूप उपयोगी धागा. वाचनखूण साठवली आहे.

माझी आठ गिअरची हायब्रिड आहे, दीड वर्ष झालं. आठवड्यातून चार दिवस पहाटे वीस-पंचवीस किमी होतात. तीन शंका आहेत. एक, घरात डब्ल्यूडी-४० आहे, मिस्टर म्हणतात तेच मार. दुसरी, शिलाई मशीनचं तेल चालेल का? आणि तिसरी, जिथे सर्व्हिसिंगला देते तिथे मोटरसायकल धुतात त्या प्रेशरच्या पाण्याने सायकल धुतात. दिसायला अगदी नवी होऊन येते, पण दोन दिवसांत चेन किरकिरायला लागते. माझं काही चुकतंय का?

घाटवाट

ताई, तुमचं काही चुकत नाहीये. चुकतंय ते धुण्यात. जोराचं पाणी चेनमधलं वंगण काढतंच, शिवाय चाकाचं हब, बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस बसतो ती जागा) आणि हँडलच्या बेअरिंगच्या सीलमधून आत शिरतं. नंतर ते पाणी बाहेर येत नाही. पुढच्या वेळी 'पाण्याचा फवारा नको, बादली आणि फडकं घ्या' असं आधीच सांगा.

डब्ल्यूडी-४० हे नावच 'पाणी हटवणारं, चाळिसावा प्रयोग' अशा अर्थाचं आहे. १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला ते तयार झालं. ओलावा घालवायला, जाम झालेला स्क्रू सोडवायला, चेनवरचा चिकटा काढायलाही उत्तम. वंगण म्हणून मात्र ते टिकत नाही. उलट नळी लावून मारलं तर आत उरलेलं चांगलं तेलही पातळ करून बाहेर काढतं. निळ्या डब्याबद्दल बोलतोय. त्याच कंपनीची सायकलची वेगळी तेलं मिळतात, ती वेगळी.

शिलाई मशीनचं तेल स्वच्छ आणि पातळ, त्यामुळे आत पटकन जातं, पण बाहेरही तितक्याच पटकन येतं. शंभरेक किलोमीटरनंतर परत घालायची तयारी असेल तर घाला. काहीच न घालण्यापेक्षा केव्हाही बरं. मोटारीचं इंजिन ऑइल मात्र नको. ते जाड, आत जायला आळशी आणि बाहेर धुळीला माया लावतं.

दीड वर्षात एकदाही चेन मोजली नसेल तर आधी मोजा. स्टीलची फूटपट्टी घ्या. शून्याची रेघ एका पिनेच्या मध्यावर. नव्या चेनवर बरोबर १२ इंचावर दुसऱ्या पिनेचा मध्य येतो. तो १/१६ इंच पुढे गेला असेल तर झीज साधारण अर्धा टक्का, १/८ इंच गेला तर एक टक्का. अकरा-बारा गिअरच्या चेना अर्ध्या टक्क्याला बदलतात. आठ ते दहाला पाऊण टक्क्यापर्यंत चालतं. एक टक्का झाली की बहुधा कॅसेटही गेलेली असते, आणि कॅसेट चेनपेक्षा कितीतरी महाग. मोजताना पेडलवर थोडा दाब ठेवा म्हणजे चेन ताठ राहते.

समुद्रकाठ

आमचं गाव मुरूडच्या बाजूला. इथे घाटावरच्या धुळीपेक्षा वेगळा वैरी आहे, खारा वारा. सायकल चालवली नाही तरी चेन गंजते. पडवीत आठ दिवस उभी राहिली की कड्यांवर तांबूस रंग चढलेला दिसतो. मीठ हवेतलं पाणी ओढून धरतं, त्यामुळे सुकलीय असं वाटतं तेव्हाही ती सुकलेली नसते.

पुण्या-मुंबईची मंडळी सागरी मार्गाने येतात. अलिबाग, रेवदंडा, मुरूड करत आगरदांड्याला फेरीबोटीत सायकल चढवायची, दिघीला उतरायचं, पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, परत बागमांडल्याहून वेश्वी. बोटीत चढता-उतरता धक्क्यावरचं खारं पाणी चाकांना आणि चेनला लागतंच. काही जण पुळणीवर ओल्या वाळूत सायकल घालून फोटो काढतात. फोटो जरूर काढा, पण संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर तांब्याभर गोडं पाणी चेनवर, डिरेलरवर, कॅसेटवर ओता. हळू ओता, फवारा नको. मग पुसा, वारा लागेल अशा जागी ठेवा आणि झोपण्याआधी तेल घाला. सकाळी करू म्हटलं तर उशीर होतो. एका रात्रीत गंज धरतो, मी कितीदा बघितलंय.

गंज धरलाच तर तो काढायला फरशीचं ॲसिड वापरू नका. आमच्याकडे एकाने वापरलं. चेन चांदीसारखी चकाकली आणि महिन्याभरात चढावर पट्टीच तडकली. चेन बनवणाऱ्यांच्या सूचनापत्रात लिहिलेलं असतं की आम्ल किंवा अल्कली असलेलं काही लावू नका, साधा सौम्य साबण वापरा. कडक केलेलं पोलाद आम्लाने ठिसूळ होतं. वरवरचा गंज तेल आणि ब्रशने निघतो. सांधे अडकत असतील तर चेन बदला.

काळी_सायकल

मी वर्ध्याकडचा, वय ७१. अजून रोज बाजारात सायकलनेच जातो. एकच गिअर, पूर्ण चेन कव्हर, जाड चेन. तुमच्या आठ-दहा गिअरच्या गोष्टी मला ठाऊक नाहीत, पण वंगणाची गोष्ट ठाऊक आहे.

आमच्या वाड्यात बैलगाडी होती. गाडीखाली बांबूचं नळकांडं टांगलेलं असे, त्यात एरंडेल आणि चिंध्या. लांबच्या गावी जायचं असलं की बाबा चाक थोडं बाहेर ओढायचे आणि आधी आखावरचं जुनं काळं बोटाने निपटून काढायचे. मी लहान होतो, मला वाटे काळं आहे म्हणजे वंगण आहेच, काढता कशाला. ते म्हणत, "हे वंगण नाही, हा आखाचा चुरा आहे." मग नवं लावायचे. घाटवाट यांनी नखाला लागलेल्या पायरीचं लिहिलं ते वाचून तोच आख डोळ्यांपुढे आला.

आमच्या चेन कव्हरला तुम्ही लोक जुनाट म्हणता. ते कव्हर असल्यामुळे चेन दहा-दहा वर्षं चालते. धूळ आत जात नाही, धोतर-पायजम्याला डाग पडत नाही. वर्षातून दोनदा, पोळ्याच्या आसपास आणि दिवाळीनंतर, कव्हर उघडून साफ करतो.

एक सांगायचं आहे. घरातलं खायचं तेल चेनला घालू नका. खोबरेल थंडीत गोठतं, चोवीस अंशांच्या खाली त्याचं लोणी होतं, आणि आमच्या विदर्भात पौषात सकाळी पारा किती खाली जातो ते सांगायला नको. जवस, करडईचं तेल हवा लागून वाळतं आणि डिंकासारखं होतं. लाकडाला जवसाचं तेल लावतात ते याच गुणामुळे. एकदा डिंक धरला की रॉकेलमध्ये रात्रभर भिजवल्याशिवाय सुटत नाही.

डेल्फ्टहून

काळी_सायकल काका, प्रतिसाद फार आवडला. मी गेली नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये आहे. इथल्या रोजच्या वापरातल्या सायकलींना बहुधा तसंच बंद चेन कव्हर असतं. सायकली वर्षभर पावसात बाहेर उभ्या असतात आणि तरी लोक चेनकडे क्वचितच बघतात. इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला जॉन मार्स्टन यांच्या सनबीम सायकलींवर तर पूर्ण बंद डब्यातच थोडं तेल ठेवलेलं असे. 'लिटल ऑइल बाथ' हे त्याचं नाव. चेन त्या डब्यात फिरताना आपोआप वंगण घ्यायची. आपल्याकडची काळी रोडस्टर त्याच इंग्लिश घराण्यातली.

इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या महिन्यांत उघड्या चेनच्या सायकलीवर समुद्रकाठ यांनी सांगितलेलाच उपाय मी करते: गोडं पाणी, फडकं, तेल. मुरूड आणि डेल्फ्ट, वैरी एकच.

तीनशे_चारशे

मी ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या) करतो, म्हणून धाग्याच्या नावाप्रमाणे आतल्या वंगणाचा दुसरा मार्ग सांगतो. मेण. गेली तीन वर्षं माझ्या चेनवर तेलाचा थेंब नाही.

साधं पॅराफिन, मेणबत्तीवाल्यांकडे किलोवर मिळतं. साठ अंशांच्या आसपास वितळतं. चेन आधी पूर्णपणे निखळ स्वच्छ करावी लागते, नवी असली तरी. कारखान्यातून येताना तिच्यात चिकट ग्रीस भरलेलं असतं, ते राहिलं तर मेण धरत नाही. चेन एका रुंद तोंडाच्या बाटलीत घालायची, टर्पेंटाइन ओतायचं, झाकण लावून दोन मिनिटं हलवायचं. काळं टर्पेंटाइन दुसऱ्या बरणीत ओतून ठेवायचं. दोन-तीन दिवसांत गाळ खाली बसतो, वरचं परत वापरता येतं. मोरीत ओतू नका. टर्पेंटाइन स्वच्छ दिसेपर्यंत हे परत परत. मग एक अंघोळ स्पिरिटची, आणि वाळवण.

मेण कधीही थेट गॅसवर तापवू नका. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात छोटं भांडं, भांड्यात मेण. पाणी शंभराच्या वर जात नाही, त्यामुळे मेणही जात नाही. थेट आचेवर तापलेलं मेण पेट घेऊ शकतं, आणि पेटलेल्या मेणावर पाणी टाकलं तर भडका उडतो. तारेत अडकवलेली चेन मेणात सोडायची, दहा मिनिटं अधूनमधून हलवायची, बुडबुडे येणं थांबलं की समजायचं आतली हवा निघाली. मग आच बंद करून मेणावर साय धरायला लागेपर्यंत थांबायचं आणि तेव्हा काढायची. फार गरम असताना काढली तर सगळं मेण निथळून जातं. टांगून थंड केली की चेन काठीसारखी ताठ होते. खराट्याच्या दांड्यावरून एकेक सांधा वाकवून मोकळी करायची, मेणाचा चुरा पडतो तो पडू द्यायचा.

कोरड्या रस्त्यावर तीनशे किमी आरामात जातात. चेनला हात लावला तर हात स्वच्छ राहतो, आणि धूळ चिकटायला ओल अशी काही नसतेच.

यात मला पटलेली एक गोष्ट. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९९९ मध्ये जेम्स स्पायसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलच्या चेनची मोजणी केली होती. सर्वांत चांगल्या स्थितीत चेनने ९८.६ टक्के शक्ती मागच्या चाकापर्यंत पोचवली. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ हवेत कोणतं वंगण घातलं याने फारसा फरक पडला नाही. त्यांचा निष्कर्ष असा की वंगणाचं मोठं काम जागा अडवण्याचं आहे, म्हणजे तिथे घाण शिरत नाही. मेण नेमकं तेच करतं.

ओली_वाट

मेणाबद्दल आदर आहे, पण मी भोरला राहतो आणि जून ते सप्टेंबर रोज कामाला सायकलने जातो. दोन पावसाळे मेण करून पाहिलं. सकाळी लावलेलं मेण संध्याकाळच्या सरीत संपतं आणि रात्री चेनवर गंजाचे ठिपके. रोज पातेलं चढवायला घरी वेळ कुणाला आहे? पावसाळ्यात मला जाड, ओल्यात टिकणारं तेलच हवं, ज्याला दुकानात वेट ल्यूब म्हणतात. ते काळं होतं, मान्य. म्हणून रोज घरी आल्यावर एकदा पुसतो, आणि दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी थेंब घालतो. दसऱ्यानंतर टर्पेंटाइनने सगळं धुऊन काढतो आणि ड्राय ल्यूबवर, म्हणजे कोरड्या हवेतल्या वंगणावर, जातो.

ड्राय ल्यूब वापरणाऱ्यांना एक सूचना. ते निघताना घालायचं नसतं. त्यातला पातळ भाग उडून गेल्यावर मागे जे राहतं ते खरं वंगण. आदल्या रात्री घाला. बाटलीही आधी चांगली हलवा, जड भाग तळाशी बसलेला असतो.

तीनशे_चारशे

पावसाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. भर पावसातल्या ६०० किमीला, ४० तासांत संपवायच्या ब्रेव्हेला, मीही मेणावर निघत नाही. हँडलच्या पिशवीत छोट्या बाटलीत वेट ल्यूब आणि एक चिंधी असते. कंट्रोलवर (वाटेतल्या तपासणीच्या थांब्यावर) चहा येईपर्यंत पुसून थेंब घालून होतात. माझं मेण दिवाळी ते मे.

उताराचा_माणूस

या धाग्यावर एक गोष्ट आलीच पाहिजे, म्हणून खास लिहितोय. ज्यांच्या सायकलीला डिस्क ब्रेक आहेत त्यांनी चेनवर स्प्रे मारू नका.

मी मारला होता. निघायच्या आधी घाईत, सायकल भिंतीला टेकवून. बारीक फवारा मागच्या रोटरवर (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती) गेला, मला दिसलाही नाही. ताम्हिणी उतरताना पहिल्या मोठ्या वळणाला मागचा ब्रेक दाबला तर किंचाळल्यासारखा आवाज आणि पकड शून्य. पुढच्या ब्रेकवर कसाबसा थांबलो. बायको मागून येत होती, तिला हात करून थांबवलं. पुढचा उतार दोघं चालत उतरलो.

रोटरला दाबून धरणारे ब्रेकचे पॅड तेल पिऊन बसतात. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून साफ होतो, पॅड होत नाहीत, बदलावेच लागतात. तेव्हापासून थेंबाचीच बाटली, आणि तेल घालताना मागच्या रोटरवर प्लॅस्टिकची पिशवी. चेन पुसलेलं फडकं रोटरजवळ न्यायचं नाही. त्याच हाताने रोटर धरायचा नाही.

पहाटफेरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पट्टी लावली. बाराव्या इंचाच्या पुढे जवळजवळ १/८. म्हणजे एक टक्का. आज नवी चेन आणली. जुनीची क्विक लिंक हाताने उघडेना, चिखलाने घट्ट बसली होती. काय करू?

घाटवाट

बुटाची नाडी घ्या. क्विक लिंकच्या दोन्ही टोकांच्या रोलरभोवती ती फिरवा आणि टोकं एकमेकांकडे ओढली जातील अशी खेचा. बहुतेक वेळा सुटते. नवी बसवताना जोड वरच्या बाजूला आणा, मागचा ब्रेक धरा आणि पेडलवर दाब द्या. 'टक' असा आवाज आला की बसली. लिंक आठ गिअरचीच घ्या, नऊ-दहाची चालत नाही. आणि लांबी जुन्या चेनच्या कड्या मोजून ठरवा, शेजारी लटकवून नको. जुनी लांबलेली आहे, फसवते.

पहाटफेरी

बसली. टक ऐकू आलं. पण आज पहाटे चढावर जोर दिला की मधल्या दोन गिअरमध्ये चेन उडी मारतेय. बाकीच्यांत नाही.

घाटवाट

ते दोन तुमचे रोजचे गिअर असणार. त्या चकत्यांचे दात जुन्या चेनच्या मापाने झिजलेत, नवीला तिथे बसायला जागा नाही. गिअरची केबल पिळत बसू नका, त्याने जाणार नाही. कॅसेट बदला. पुढची चकती एवढ्यात गेली नसेल, ती बघून ठरवा. वाईट वाटतंय, पण यापुढे दर महिन्याला पट्टी लावली तर पुढच्या दोन-तीन चेना त्या नव्या कॅसेटवर निघतील.

पहाटफेरी

कॅसेट बदलली. नव्या चेनवर कारखान्याचं ग्रीस आहे, ते तसंच ठेवलं, फक्त बाहेरून पुसलं. बरोबर ना? मेण करायचा विचार नाही सध्या.

घाटवाट

बरोबर. आतलं ग्रीस चांगलं असतं, ते पहिले काही शे किलोमीटर काम करतं. आवाज यायला लागला की थेंब सुरू करा. पहिल्यांदा तेल घातल्यावर पहिल्या वीस-तीस किलोमीटरला आतलं काळं बाहेर येतं. घाबरू नका, तेल आत पोचल्याची ती खूण आहे. घरी आल्यावर परत एकदा पुसा.